‘पिशवी’ या शब्दाची व्याप्ती : गर्भाशयातील गाठींचे उपचार, स्त्रियांचे कामजीवन आणि मराठी भाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

उमरखेडच्या परिसरात चाळिशी गाठलेल्या एखाद्या स्त्रीच्या प्रकृतीची चौकशी केली असता ‘तिची पिशवी काढली’ असे तीन शब्दांचे उत्तर मिळणे ही नित्याची गोष्ट आहे. हे वाक्य केवळ उमरखेडचे नव्हे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत ते याच रूपात ऐकू येते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, आणि ऐकणारास त्याचा अर्थ तत्काळ कळल्यासारखा वाटतो. तथापि वैद्यकाच्या दृष्टीने पाहू गेल्यास या वाक्यात तीन महत्त्वाच्या गोष्टी अनुक्त राहतात. शस्त्रक्रिया कोणत्या विकारासाठी झाली? गर्भाशयाचे मुख राखले की तेही काढले? आणि गर्भाशयाच्या दोन बाजूंस असणारे बीजांडकोश शरीरात आहेत की नाहीत?

गर्भाशयातील तंतुमय गाठींवर, म्हणजे ज्यांना दवाखान्यात ‘फायब्रॉइड’ म्हणतात त्यांवर, जे उपचार केले जातात त्यांचा स्त्रीच्या कामजीवनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न गेल्या चार दशकांत पुष्कळ अभ्यासला गेला आहे. त्या अभ्यासाचा एकंदर रोख असा की, परिणाम चांगला होईल की वाईट, हे वरील तीन प्रश्नांपैकी पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. याचा अर्थ असा होतो की, ज्या भेदावर स्त्रीचे पुढील आयुष्य अवलंबून असते, नेमका तोच भेद बोलीतील प्रचलित शब्द पुसून टाकतो. प्रस्तुत लेखात वैद्यकीय निष्कर्ष आणि मराठीतील शब्दव्यवहार या दोहोंची सांगड घालून या विसंगतीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

२. उमरखेड : सीमेवरील शब्दव्यवहार

या प्रश्नाच्या विचारासाठी उमरखेड हे स्थान अनेक कारणांनी सोयीचे आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील या तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे मराठवाडा. १९५६ पर्यंत नदीचे दोन काठ दोन निरनिराळ्या राज्यांत होते : यवतमाळ तत्कालीन मध्य प्रदेशात, तर नांदेड हैदराबाद राज्यात. साहजिकच येथील मराठीत एकीकडून वऱ्हाडीची आणि दुसरीकडून मराठवाडी बोलीची छटा मिसळते. त्यातच बंजारा समाजाची गोरमाटी, मुसलमान समाजाची उर्दू व दखनी, आणि जिल्ह्याच्या इतर भागांतील गोंडी व कोलामी या द्राविडी कुलातील भाषा यांचा शेजार आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात वऱ्हाडीची नोंद आहे. परंतु रुग्ण आणि वैद्य यांच्यातील बोलणे हा त्या सर्वेक्षणाचा विषय नव्हता.

उमरखेडच्या स्त्रीला मोठ्या उपचारासाठी जावयाचे झाल्यास एक वाट यवतमाळकडे व दुसरी नांदेडकडे जाते; दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, खाजगी दवाखाने तर पुष्कळच. तेथील वैद्याचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असते. त्याला परिभाषेतील शब्द ठाऊक असतो, पण तो रुग्णाला कळत नाही. रुग्णाच्या घरातील शब्द वैद्याला परका असतो. अशा वेळी दोन्ही पक्षांना समजेल असा एक मधला शब्द लागतो. ‘पिशवी’ हा असा संपर्कशब्द आहे. तो वऱ्हाडी बोलणाऱ्या स्त्रीलाही चालतो, गोरमाटी बोलणारीलाही चालतो, आणि घाईत असलेल्या डॉक्टरांनाही चालतो. त्याची उपयुक्तता येथेच आहे, आणि त्याचा धोकाही येथेच आहे.

३. गाठी आणि त्यांवरील उपचार

तंतुमय गाठ ही गर्भाशयाच्या भित्तीतील स्नायुपेशींची सौम्य वाढ होय. ती कर्करोग नव्हे, आणि तिचे कर्करोगात रूपांतर होणे ही अत्यंत विरळ गोष्ट आहे. स्त्रीशरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर ती पोसली जाते. म्हणून पाळी येण्याच्या वयात ती वाढते आणि पाळी कायमची थांबल्यावर बहुधा आक्रसते. अशा गाठी किती सर्वसामान्य आहेत याची कल्पना अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येते. त्यात पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक स्त्रियांना गाठी असतात असा अंदाज निघाला. यांपैकी पुष्कळ जणींना कसलाही त्रास होत नाही. म्हणजे सोनोग्राफीत गाठ दिसली एवढ्याने उपचाराची गरज सिद्ध होत नाही. त्रास किती व कोणता, हा खरा निकष आहे.

त्रास असतो तेव्हा तो कामजीवनाला अनेक वाटांनी ग्रासतो. अतिरक्तस्रावामुळे रक्तक्षय होतो आणि थकवा येतो. कपड्याला डाग पडेल या भीतीने मन सतत सावध राहते. गाठीच्या जागेप्रमाणे समागमाच्या वेळी दुखते. आपल्याकडे यात आणखी एका गोष्टीची भर पडते. ज्या घरांत पाळीचा विटाळ पाळला जातो तेथे महिन्यातील पंधरा दिवस रक्त जाणारी स्त्री पंधरा दिवस ‘बाहेरची’ ठरते. तिचे अंथरूण वेगळे, तिचा वावर वेगळा. रोग शरीराचा असला तरी दुरावा घरात निर्माण होतो.

उपचारांचे स्थूलमानाने पाच वर्ग करता येतात. पहिला, काहीही न करता देखरेख ठेवणे. दुसरा, औषधे : रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरक सोडणारे गर्भाशयातील साधन, आणि बीजांडकोशांचे कार्य तात्पुरते थांबवणारी इंजेक्शने. तिसरा, गर्भाशय राखून केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया. चौथा, गाठीचा रक्तपुरवठा तोडणे किंवा तिला बाहेरून उष्णता देऊन नष्ट करणे. रक्तवाहिनी बंद करण्याची ही पद्धत गाठींसाठी वापरल्याचा वृत्तांत पॅरिसमधील वैद्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. केंद्रित ध्वनिलहरींच्या उपचाराला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. पाचवा वर्ग गर्भाशय काढण्याचा. यातही भेद आहेत : मुख राखून वरचा भाग काढणे, मुखासह पूर्ण गर्भाशय काढणे, आणि त्यासोबत दोन्ही बीजांडकोशही काढणे. बोलीतील ‘पिशवी काढणे’ या एका क्रियापदबंधात हे तिन्ही प्रकार सामावतात.

४. कामजीवनावरील परिणाम : संशोधनाचा निष्कर्ष

गर्भाशय काढल्याने स्त्रीचे ‘स्त्रीपण’ जाते ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. पाश्चात्त्य देशांतही ती दीर्घकाळ होती. फिनलंडमधील किल्कु यांनी १९८३ साली असे प्रतिपादन केले की, गर्भाशयाचे मुख राखल्यास कामसुखाची हानी कमी होते. या मतामुळे मुख राखण्याच्या शस्त्रक्रियेला बरीच चालना मिळाली. परंतु २००२ साली लंडनमधील २७९ स्त्रियांवरील एका प्रयोगात, ज्यात कोणत्या स्त्रीवर कोणती शस्त्रक्रिया करावयाची हे यदृच्छेने ठरवले होते, मुख राखलेल्या व न राखलेल्या स्त्रियांच्या कामजीवनात फरक आढळला नाही. नेदरलंड्समधील १३ रुग्णालयांतील ४१३ स्त्रियांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातही शस्त्रक्रियेची रीत कोणतीही असो, कामसुखात सरासरीने सुधारणाच दिसली.

याही आधी, १९९९ साली, अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील सुमारे १,१०० स्त्रियांचा दोन वर्षे केलेला पाठपुरावा प्रसिद्ध झाला होता. या स्त्रियांचे गर्भाशय कर्करोगेतर कारणांसाठी काढले होते. शस्त्रक्रियेपूर्वी समागमाच्या वेळी वारंवार दुखण्याची तक्रार १८.७ टक्के स्त्रियांची होती. दोन वर्षांनंतर ती ३.६ टक्क्यांवर आली. शरीरसंबंध असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ७०.५ टक्क्यांवरून ७६.७ टक्के झाले. मात्र याच अभ्यासात हेही दिसले की, ज्या स्त्रिया शस्त्रक्रियेपूर्वी खिन्नतेने ग्रस्त होत्या त्यांच्यात नंतरही वेदना, कोरडेपणा व अनिच्छा यांचे प्रमाण अधिक राहिले.

रक्तवाहिनी बंद करण्याच्या पद्धतीची गर्भाशय काढण्याशी तुलना नेदरलंड्समध्ये १७७ स्त्रियांवर झाली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या कामजीवनात लक्षणीय अंतर नव्हते. दहा वर्षांनंतर असे दिसले की, या पद्धतीने उपचार केलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांचे गर्भाशय काढावे लागले नव्हते.

या सर्व अभ्यासांचा आशय असा की, खरोखर त्रास देणारा विकार दूर झाला म्हणजे वेदना व रक्तस्राव जातात, आणि त्यासोबत कामजीवनही सामान्यतः सुधारते. अर्थात हे सरासरीचे विधान आहे. उत्कट सुखाच्या क्षणी गर्भाशयाचे आकुंचन ज्यांना स्पष्ट जाणवत असे अशा काही स्त्रियांना नंतर न्यूनता जाणवते. त्यांचा अनुभव सरासरीत दिसत नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही.

बीजांडकोशांची गोष्ट मात्र निराळी आहे. पाळी चालू असलेल्या वयात दोन्ही बीजांडकोश काढले तर इस्ट्रोजेनचा पुरवठा एकाएकी थांबतो. नैसर्गिक रजोनिवृत्तीत जो बदल काही वर्षांत होतो तो येथे काही दिवसांत होतो : अंगाची लाही होणे, झोप न लागणे, योनिमार्ग कोरडा पडणे, समागम वेदनामय होणे. इच्छेशी संबंध असणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचाही मोठा वाटा बीजांडकोशांकडून येतो. तोही कमी होतो. पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोशांचे कार्य थांबवणाऱ्या इंजेक्शनांचे परिणाम याच जातीचे असतात, परंतु औषध बंद केल्यावर ते ओसरतात. शस्त्रक्रियेचे परिणाम आपोआप ओसरत नाहीत. त्यांसाठी संप्रेरकांचा पर्यायी उपचार घ्यावा लागतो, आणि तो घ्यावयाचा तर आपले बीजांडकोश काढले आहेत हे आधी स्त्रीला ठाऊक असावे लागते.

या शेवटच्या वाक्यापाशी वैद्यकाचा प्रश्न भाषेचा प्रश्न होतो.

५. चार शब्दांचे अर्थक्षेत्र

पिशवी. ‘गर्भाशय’ या संस्कृत शब्दातील ‘आशय’ म्हणजे साठवण्याचे स्थान. म्हणजे शास्त्रीय शब्दातही पात्राचीच कल्पना आहे. ‘पिशवी’ हा तिचाच घरगुती अवतार म्हणता येईल. पात्राचे रूपक एकदा स्वीकारले की त्यातून काही अनुमाने आपोआप निघतात. पात्राचे प्रयोजन त्यात काही ठेवण्यापुरते. लेकरे झाली, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे पिशवी रिकामी. रिकामी पिशवी फाटली किंवा खराब झाली तर ती बाळगण्यात हशील काय? ‘आता तिचे काम काय उरले?’ हा प्रश्न सासूच्या, जावेच्या आणि कधीकधी डॉक्टरांच्याही तोंडी येतो, तो या रूपकामुळे सहज वाटतो. कामसुख, संप्रेरके, हाडांचे बळ यांना पिशवीच्या रूपकात जागाच नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट लक्षणेची. ‘पिशवी’ हा शब्द वाच्यार्थाने गर्भाशयाचा, परंतु लक्षणेने तो स्त्रीच्या समग्र आंतर-जननेंद्रियांचा बोध करून देतो. बीजांडकोशासाठी रोजच्या मराठीत स्वतंत्र शब्द नाही. शास्त्रीय लेखनात ‘अंडाशय’, ‘अंडकोश’, ‘बीजकोश’, ‘बीजांडकोश’ असे अनेक शब्द आढळतात. पण त्यांपैकी एकही चुलीपाशी पोहोचलेला नाही. ‘अंडकोश’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या मनात पुरुषाचा अवयव येतो. ‘बीजग्रंथी’ म्हणावे तर ग्रंथी म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे तर रोग. ज्या अवयवाला नाव नाही त्याच्याविषयी प्रश्न विचारता येत नाही. ‘पिशवी काढणार म्हणजे नेमके काय काय काढणार?’ हा प्रश्न मनात उठण्यासाठीसुद्धा पिशवीखेरीज आत आणखी काही आहे हे ठाऊक असावे लागते.

गाठ. दोरीची गाठ, लग्नाची गाठ, छातीतील गाठ, पोटातील गाठ यांना एकच शब्द आहे. शरीरापुरते पाहिले तर सौम्य व मारक या दोहोंत तो भेद करीत नाही. ‘पोटात गाठ आहे’ हे वाक्य ऐकताच कर्करोगाची शंका येते, आणि त्या भीतीपोटी देखरेख, औषध, केवळ गाठ काढणे हे मधले सर्व पर्याय ओलांडून निर्णय थेट शेवटच्या पर्यायावर जातो.

ऑपरेशन. खेड्यातील स्त्री ‘माझे ऑपरेशन झाले आहे’ म्हणते तेव्हा तिला बहुधा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया अभिप्रेत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या स्त्रियांनी ती करून घेतली आहे. त्यामुळे तो या शब्दाचा रूढ अर्थ झाला. पुढे गर्भाशय काढले तरी शब्द तोच राहतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या नर्सबाईच्या कागदावर दोन अत्यंत भिन्न घटना एका रकान्यात जमा होण्याची शक्यता राहते.

तांबी. तांबे असलेल्या गर्भनिरोधक साधनाला मराठीने दिलेले हे सुंदर नाव. पण संप्रेरक सोडणारे साधनही आकाराने तसेच आणि त्याच जागी बसवायचे, म्हणून त्यालाही ‘तांबी’च म्हटले जाते. वस्तुतः तांब्याच्या साधनाने काही स्त्रियांना रक्तस्राव अधिक होतो, तर संप्रेरकाचे साधन रक्तस्राव कमी करण्यासाठीच बसवतात. जिला पूर्वी तांबीचा त्रास झाला तिने ‘पुन्हा तांबी नको’ म्हणणे स्वाभाविक आहे. त्या नकारात तिचा गर्भाशय वाचवू शकणारा एक उपाय केवळ नामसाम्यामुळे नाकारला जातो.

नामांप्रमाणे क्रियापदांचेही आहे. ‘पिशवी काढावी लागली’ या प्रयोगात ‘लागणे’ हे साहाय्यक क्रियापद अपरिहार्यता सांगते. निवड कोणी केली, पर्याय होते काय, याला त्या वाक्यात स्थान नाही. ‘काढून टाकली’ यातील ‘टाकणे’ तर निरुपयोगी वस्तूची विल्हेवाट लावल्याचा भाव आणते. आणि ‘पिशवी खराब झाली’ हे निदान नव्हे. धान्य, दूध किंवा रस्ता यांविषयीही तेच विधान करता येते.

६. प्रश्नावलीची भाषा

कामजीवनावरील परिणाम मोजण्यासाठी जगभर प्रश्नावल्या वापरल्या जातात. त्यांपैकी २००० साली सिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध निर्देशांकात १९ प्रश्न असून ते इच्छा, उद्दीपन, ओलावा, परमसुख, समाधान व वेदना अशा सहा अंगांत विभागले आहेत. गाठींच्या रुग्णांसाठी २००२ साली तयार झालेल्या दुसऱ्या प्रश्नावलीत कामजीवनाविषयी केवळ दोन प्रश्न आहेत : इच्छा कमी झाली काय, आणि संबंध टाळावासा वाटला काय. अर्थात या दुसऱ्या साधनाने वेदना वा कोरडेपणा यांविषयी काहीच सांगता येत नाही. ‘कामजीवन सुधारले’ असा निष्कर्ष वाचताना तो कोणत्या साधनाने काढला हे पाहणे म्हणून आवश्यक ठरते.

पहिली प्रश्नावली मराठीत आणताना निराळ्या अडचणी येतात. ‘वेदना’ या अंगाला बोलीत शब्द भरपूर आहेत : दुखते, आग होते, चिरते, टोचते. ‘ओलावा’ या अंगापाशी मात्र अडथळा आहे. योनिमार्गातील ओलेपणासाठी बोलीत जे शब्द आहेत ते सारे रोगाचे आहेत : ‘पांढरे जाते’, ‘अंगावरून पाणी जाते’. ओलावा चांगला असतो हे सांगणारा शब्द नसल्यामुळे प्रश्न आरोग्याचा आणि उत्तर आजाराचे, अशी गफलत होऊ शकते. ‘सुख’ हा शब्द इतका व्यापक आहे की ‘सुख मिळते काय’ या प्रश्नाला स्त्री संसाराचे, लेकरांचे, शेतीचे सुख सांगेल. इच्छेविषयीच्या प्रश्नात तर कर्त्याचाच प्रश्न आहे. इच्छा नवऱ्याची आणि संमती बायकोची, अशी वाक्यरचना रूढ असलेल्या समाजात ‘तुम्हाला इच्छा होते काय’ हा प्रश्न सरळ ऐकलाही जात नाही.

आणखी एक बाब. या निर्देशांकातील पुष्कळ प्रश्न मागील चार आठवड्यांचे आहेत, आणि त्या काळात संबंध आला नसल्यास गुण शून्य धरला जातो. ज्या घरचा पुरुष कामासाठी महिनोगणती परगावी असतो तेथील निरोगी स्त्रीही या मोजणीत विकारग्रस्त दिसेल. मोजमापाचे साधन भाषांतरित करणे म्हणजे केवळ शब्दांना प्रतिशब्द देणे नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

मराठीने या क्षेत्रात काहीच प्रयत्न केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून कामविषयक गोष्टी सरळ मराठीत लिहिता येतात हे दाखवून दिले, आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटलेही सोसले. विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवले की, ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, परंतु पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्यांच्या ‘कानोसा’ या मराठी पुस्तकात ग्रामीण स्त्रिया आपल्या शरीराविषयी काय समजतात व कसे बोलतात याची नोंद आहे. अशा संग्रहाचे मोल वैद्यकाइतकेच भाषाशास्त्रालाही आहे.

७. संमती : बीडचा अनुभव आणि न्यायालयाचे दंडक

शब्दांची ही संदिग्धता किती मोठ्या प्रमाणावर अनर्थास वाव देऊ शकते याचे उदाहरण मराठवाड्यात बीड जिल्ह्यात आहे. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याचे प्रमाण असाधारण असल्याचे उघडकीस आल्यावर शासनाने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांची, ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. २०१५–१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण २.६ टक्के होते. दोन्ही गणनांची रीत भिन्न असली तरी अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही. या शस्त्रक्रियांमागे केवळ गाठी नव्हत्या. पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, उचल घेतलेली रक्कम, फडावरील गैरसोय आणि कर्करोगाची भीती ही कारणे होती. विकाराचा त्रास नसताना, किंवा साध्या उपायाने तो जाण्याजोगा असताना गर्भाशय काढले तर मेरीलँड वा लंडनमधील अनुकूल निष्कर्ष अशा स्त्रीला लागू होत नाहीत. कारण ते निष्कर्ष त्रासातून सुटलेल्या स्त्रियांचे आहेत.

उमरखेड तालुक्यातही पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्यामुळे ऊस ही परिचित गोष्ट आहे. तथापि बीडचे आकडे येथे आरोपित करणे अशास्त्रीय होईल. बीडचे उदाहरण येथे घेतले ते ‘पिशवी खराब झाली आहे’ हे एक वाक्य संमती मिळवण्यास किती पुरेसे ठरते हे दाखवण्यासाठी.

कायद्याची भूमिका मात्र याच्या नेमकी उलट आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात स्त्रीने दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती; ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजांडकोश काढले गेले. न्यायालयाने असे ठरवले की, तपासणीस दिलेली संमती शस्त्रक्रियेस लागू होत नाही, सज्ञान स्त्रीच्या वतीने तिच्या आईला संमती देता येत नाही, आणि उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय व धोके पुरेसे समजावून दिले तरच संमती खरी. पुढे अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला.

‘समजावून देणे’ ही क्रिया भाषेत घडते. संमतीपत्रावर अंगठा उमटला, पण पत्रातील ‘उभय बीजांडकोश-उच्छेदन’ हा शब्द आणि डॉक्टरांच्या तोंडचा ‘पिशवी’ हा शब्द यांत अंतर राहिले, तर कागद पुरा होतो आणि संमती अपुरी राहते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली : गर्भाशयातील गाठींच्या उपचाराने कामजीवन बिघडते हे सरसकट विधान चूक आहे. योग्य कारणासाठी केलेल्या उपचाराने ते बहुधा सुधारते. परंतु बीजांडकोश अकाली काढले असता बिघाडाचा धोका खरा असतो, आणि त्यावर उपायही असतात.

दुसरी : या विधानातील निर्णायक भेद मराठी बोलीत व्यक्त होत नाही. यावर नवा संस्कृतोद्भव शब्द घडवणे हा पुरेसा उपाय नव्हे. भाषा संचालनालयाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, परिभाषेचे कोश सिद्ध होत आले आहेत; परंतु उणीव कोशात नसून संवादात आहे. ‘पिशवी’ हा शब्द टाकून देण्याची गरज नाही. तो राखून त्याच्या शेजारी ‘बीजकोश’ हा एक शब्द, एक साधे रेखाचित्र आणि चार साधी वाक्ये ठेवली तरी पुष्कळ काम होईल : काय काढणार? काय ठेवणार? कशासाठी? आणि आता काढले नाही तर काय होईल? शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे संबंध टाळावा हे सांगताना बाळंतिणीच्या ‘सव्वा महिन्या’ची आठवण दिली तर ती सूचना अंगवळणी पडते, त्याच सहजतेने कोरडेपणा व त्यावरील औषध यांविषयीही बोलता येईल. घरी देण्याच्या कागदावर बीजकोश राखले की काढले, एवढी एक ओळ मराठीत असावी.

तिसरी : या विषयात भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास करण्याजोगे काम पुष्कळ आहे. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील स्त्रियांच्या बोलीत, तसेच गोरमाटी, गोंडी व कोलामीत शरीरावयव, पाळी आणि समागम यांसाठी कोणते शब्द आहेत, ते कोणासमोर उच्चारले जातात व कोणासमोर टाळले जातात, याची पद्धतशीर नोंद व्हावयास हवी. आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका या कामी उत्तम निवेदक ठरतील, कारण त्या दोन्ही भाषा रोज बोलतात. असा संग्रह हाती आला तरच मराठीतील प्रश्नावली विश्वसनीय होईल. तसेच उमरखेडहून नांदेडला वा यवतमाळला निघालेल्या स्त्रीला आपले नेमके काय होणार आहे हे आपल्या शब्दांत विचारता येईल, आणि परत आल्यावर आपले नेमके काय झाले हेही सांगता येईल.